दोन पुरवण्या लावल्या तरी सातच मार्क? इतिहासाच्या पेपरात मार्क नेमके कशाचे मिळतात

मागच्या सेमिस्टरला क्लास टेस्टचे पेपर वाटले त्या दिवशी एक मुलगी स्टाफरूमच्या दारात येऊन उभी राहिली, हातात पेपर आणि डोळे भरलेले. "मॅडम, दोन पुरवण्या लावल्या मी, सगळं लिहिलं, तरी सोळापैकी सातच काहून देल्ले?" मी तिला बसवलं, पाणी दिलं, आणि तिचा पेपर तिच्यासमोरच परत वाचला. प्रश्न होता, १८५४ साली नागपूरचं राज्य खालसा झालं त्याची कारणमीमांसा करा. तिनं सुरुवात केली होती बख्त बुलंद शाहनं १७०२ मध्ये नागपूर वसवलं तिथून, मग रघूजी भोसले आले, मग बंगालवरच्या स्वाऱ्या, मग १८१७ ची इंग्रजांशी झालेली सीताबर्डीची लढाई, तेव्हाचे राजे आप्पासाहेब, मग तिसरे रघूजी, आणि दुसऱ्या पुरवणीच्या अगदी शेवटी चार ओळी, की १८५३ मध्ये रघूजी वारले, मुलगा नव्हता, गव्हर्नर जनरल डलहौसीनं दत्तक वारसा नामंजूर करून राज्य खालसा केलं. एकही सन चुकलेला नव्हता. अक्षर मोत्यासारखं. पण विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर फक्त त्या शेवटच्या चार ओळींत होतं.

मी गेली अकरा वर्षं तासिका तत्त्वावर इतिहास शिकवते, बीएला पण आणि एमएला पण, आणि हा प्रश्न मला दरवर्षी कोणी ना कोणी विचारतंच. मुलं मेहनत करतात हो, खोटं नाही बोलणार. कुही, उमरेड, काटोलकडून पहाटेच्या एसटीनं येतात, संध्याकाळी कुठेतरी काम करतात, रात्री पाठ करतात. आणि मग एवढं करूनही मार्क येत नाहीत तेव्हा त्यांना वाटतं की चेक करणाऱ्यानं वाचलंच नाही, नाहीतर आपल्यात काही कमी आहे. दोन्ही खरं नसतं बहुतेक वेळा. त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं की बारावीनंतर खेळाचे नियम बदललेत. म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढते, जे मी वर्गात तुकड्या तुकड्यात सांगत असते ते.

शाळेत इतिहास म्हणजे "काय झालं". कधी, कुठे, कोणी, आणि ते बरोबर आठवलं की मार्क. युनिव्हर्सिटीत आल्यावर त्याच्यापुढे एक शब्द लागतो, "कशावरून". घरात आपण एखादी गोष्ट ठासून सांगितली की आजी कशी विचारते, कशावरून म्हणतेस गं? तू होतीस का तिथे? तुला कोणी सांगितलं? सांगणाऱ्याचं त्यात काय होतं? बस, कॉलेजातला सगळा इतिहास हाच आहे. सन आणि नावं लागतातच, त्यांच्याशिवाय पान हलत नाही, पण ती भाजीतल्या मिठासारखी, नुसतं मीठ वाढून पंगत उठत नाही.

आता पेपरच्या भाषेकडे येऊ, कारण अर्धे मार्क इथेच जातात. प्रश्नपत्रिकेत शेवटी जो शब्द असतो ना, वर्णन करा, कारणमीमांसा करा, मूल्यमापन करा, चिकित्सक परीक्षण करा, तो शोभेसाठी नसतो. मुलं फक्त विषय वाचतात, "१८५४, नागपूर, खालसा" दिसलं की पाठ केलेलं सगळं ओततात. "वर्णन करा" असेल तर काय झालं ते क्रमानं सांगा, ठीक आहे. "कारणमीमांसा करा" असेल तर का झालं ते सांगायचं, आणि नुसती कारणांची यादी नाही, त्यातलं मोठं कोणतं, छोटं कोणतं, कोणतं निमित्त आणि कोणतं मूळ, हे पण. "मूल्यमापन करा" म्हणजे तुम्हाला बाजू मांडायची आहे, समजा झेंडा सत्याग्रह कितपत यशस्वी झाला असं विचारलं तर १९२३ मध्ये नागपुरात काय काय झालं ते थोडक्यात आणि मग यश कशाला म्हणायचं, कोणाच्या नजरेनं, आणि तुमचं मत काय. मत द्यायला मुलं घाबरतात, विशेषतः मुली, आपण कोण मत देणारे असं वाटतं. द्या. आधार देऊन दिलेलं मत चुकीचं वाटलं तरी मी मार्क कापत नाही, आणि माझ्या ओळखीचा एकही चांगला परीक्षक कापत नाही. "चिकित्सक परीक्षण" मध्ये तर एखादं विधान किंवा एखाद्या इतिहासकाराचं म्हणणं घेऊन ते कुठे टिकतं आणि कुठे टिकत नाही ते तपासायचं असतं, टीका म्हणजे शिव्या नाहीत. टिपा लिहा, तुलना करा, हे सोपे आहेत, फक्त तुलनेत अर्धं पान एकाचं आणि अर्धं पान दुसऱ्याचं लिहू नका, मुद्दा एक आणि त्यावर दोघं, असं लिहा.

मी त्या मुलीला तिच्याच उत्तरावरून दाखवलं ते इथे पण सांगते, कारण नागपूरचंच उदाहरण आहे आणि आपल्याला ते माहिती असलंच पाहिजे.

तिसरे रघूजी १८५३ च्या डिसेंबरात वारले, औरस मुलगा नव्हता. हे झालं निमित्त. पुस्तकात सातारा, झाशी, नागपूर एकाच ओळीत येतात, "दत्तक वारसा नामंजूर", आणि आपण एकाच दमात पाठ करतो. पण साताऱ्याच्या राजानं मरायच्या आधी दत्तक घेतला होता आणि ईस्ट इंडिया कंपनीनं तो मानला नाही. नागपुरात राजानं जिवंतपणी दत्तक घेतलाच नव्हता, इथे वाद होता तो त्यांच्या मागे राण्यांना दत्तक घ्यायचा हक्क आहे की नाही याचा. म्हणजे एकाच लेबलखालच्या दोन वेगळ्या गोष्टी झाल्या ह्या. एवढा एक फरक उत्तरात आला तरी चेक करणाऱ्याला कळतं की ह्या पोरीनं विचार केलाय.

मग दुसरा थर, डलहौसीनं कायद्याचा आधार काय दाखवला. त्याचं म्हणणं असं की सीताबर्डीच्या लढाईनंतर हे राज्य कंपनीनं जिंकलंच होतं आणि १८१८ मध्ये तिसऱ्या रघूजीला गादीवर बसवलं ते कंपनीच्या मर्जीनं, तेव्हा वारस नसेल तर राज्य देणाऱ्याकडे परत. आणि तिसरा थर म्हणजे गरज. डलहौसीनं जानेवारी १८५४ मध्ये जे टिपण लिहिलं त्यात तो कापसाबद्दल बोलतो, इंग्लंडला कापूस पाहिजे आणि नागपूरचा मुलूख हातात आला तर त्याची सोय होईल असं उघड लिहितो. बघा, हे आपण आरोप म्हणून करत नाही आहोत, त्याच्याच लेखणीतून आलंय. आणि चौथी गोष्ट, जी बहुतेक कोणीच लिहीत नाही, की गव्हर्नर जनरलच्या कौन्सिलमध्येच कर्नल जॉन लो यानं ह्याला विरोध नोंदवला होता. म्हणजे इंग्रज सगळे एकमतानं आले आणि घेऊन गेले असं नव्हतं, त्यांच्यातच कोणाला तरी हे पटत नव्हतं, इकडे राजवाड्यात म्हाताऱ्या बाकाबाई आणि बाकीच्या राण्या विरोध करत होत्या ते वेगळंच.

आता ह्यात एक चूक मला हमखास सापडते. मुलं कारणांमध्ये लिहितात "रेल्वे आणि कापड गिरण्यांसाठी इंग्रजांनी नागपूर घेतलं". रेल्वे नागपूरला आली १८६७ मध्ये, टाटांची एम्प्रेस मिल १८७७ मध्ये सुरू झाली, आणि ती तर इंग्लंडच्या गिरण्यांची स्पर्धकच. जे तेरा आणि तेवीस वर्षांनी झालं ते १८५४ चं कारण कसं होईल? हे परिणामांमध्ये लिहायचं, कारणांमध्ये नाही. सन पाठ करण्याचा खरा उपयोग इथे आहे, कोण आधी आणि कोण नंतर हे कळलं की कारण आणि परिणाम यांची गल्लत होत नाही.

मी सोळा मार्कांचं उत्तर कसं तपासते ते सांगते, प्रत्येकाची वाटणी थोडी वेगळी असेल पण फार नाही. चार मार्क माहितीचे, म्हणजे सन, नावं, घटना बरोबर आहेत का. चार मार्क प्रश्नाला धरून आहे का ह्याचे. पाच मार्क मुद्दा आणि त्याचा आधार, म्हणजे आपलं ते "कशावरून". उरलेले तीन मांडणीचे, सुरुवात, क्रम, शेवट. आता त्या मुलीचा हिशोब लावा, माहितीचे चारपैकी चार, प्रश्नाला धरून एक, आधार एक, मांडणी एक. झाले सात. पुरवण्यांना मार्क कुठेच नाहीत.

पेपर चेकिंगचं पण सांगून ठेवते कारण मुलांच्या मनात त्याबद्दल फार गैरसमज असतात. फायनल परीक्षेचे पेपर तपासायला बसलं की समोर गठ्ठा असतो, नाव नसतं, एकामागून एक उत्तर वाचायचं असतं आणि वेळ मोजका. म्हणून उत्तराचा मुद्दा पहिल्याच परिच्छेदात येऊ द्या, दोन ओळीत सांगा की माझ्या मते हे राज्य खालसा होण्यामागे वारस नसणं हे निमित्त होतं आणि खरं कारण अमुक, आणि पुढे ते सिद्ध करा. चेक करणाऱ्याला पहिल्या पानावर दिशा मिळाली की पुढचं तो त्याच नजरेनं वाचतो. शेवटी रहस्य उघड करायला ही काही गोष्ट नाही. आणि अधोरेखित करायचं तर मुद्दा करा, प्रत्येक सनाखाली लाल रेघ नको.

"कशावरून" शिकायचं कसं, तर साधनं वाचून. साधनं दोन प्रकारची असतात हे सगळ्यांना पाठ असतं, प्राथमिक आणि दुय्यम, व्याख्या सगळे लिहितात. पण प्राथमिक म्हणजे खरं आणि दुय्यम म्हणजे कमी खरं असं बऱ्याच जणांना वाटतं, ते तसं नाही. प्राथमिक म्हणजे त्या काळातलं, बस. त्या काळातला माणूस पण खोटं बोलू शकतो, अर्धवट बोलू शकतो, स्वतःची पाठ थोपटून घेऊ शकतो. आपल्याकडचं उत्तम उदाहरण म्हणजे रिचर्ड जेंकिन्सचा नागपूर राज्यावरचा रिपोर्ट, १८२७ चा. त्यात शेती, महसूल, जाती, धंदे, न्याय, सगळी बारीक माहिती आहे, नागपूरवर काम करणारा कोणीच तो टाळू शकत नाही. पण जेंकिन्स कोण? हाच सीताबर्डीच्या लढाईच्या वेळी इंग्रजांचा रेसिडेंट, म्हणजे दरबारातला त्यांचा प्रतिनिधी. आणि आप्पासाहेब गेल्यावर, रघूजी लहान असताना, १८२६ पर्यंत नागपूरचा कारभार प्रत्यक्ष हाच बघत होता. म्हणजे आधीच्या राजवटीबद्दल लिहिणारा तिचा शत्रू आणि नंतरच्या कारभाराबद्दल लिहिणारा स्वतः कारभारी. मग त्यानं आधी गोंधळ होता आणि मग शिस्त आली असं लिहिलं तर ते किती आणि कसं घ्यायचं? फेकून द्यायचं नाही. गावं किती, सारा किती, हे आकडे वेगळे तपासायचे आणि कौतुक वेगळं तपासायचं. हे जर तुम्ही उत्तरात तीन ओळीत लिहू शकलात तर ते पाच मार्कांचे कप्पे आपोआप भरतात.

दुसरं एक उदाहरण मला फार आवडतं. विदर्भातल्या प्राचीन वाकाटक राजघराण्याची राणी प्रभावतीगुप्ता, गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी, नवरा लवकर गेला आणि मुलं लहान म्हणून तिनं राज्य सांभाळलं. तिचा एक ताम्रपट आहे, पुणे ताम्रपट म्हणून ओळखतात, पण दिला गेला तो नंदिवर्धनहून, म्हणजे बहुतेक अभ्यासकांच्या मते आपल्या रामटेकजवळच्या नगरधनहून. त्यात ती वंशावळ कोणाची देते? सासरची नाही, माहेरची, गुप्तांची. गोत्र पण सांगते ते धारण, माहेरचंच. वर्गात मी हे सांगते आणि विचारते, काय समजायचं यावरून? एक मुलगी म्हणाली माहेर मोठं होतं म्हणून मिरवत होती, एक मुलगा म्हणाला सासरच्या लोकांना धाक दाखवायचा असेल, अजून कोणीतरी म्हटलं की लिहिणारा कारकूनच माहेरहून आलेला असेल. अर्धा तास वाद झाला, तास संपला तरी कोणी उठेना. तोच इतिहासाचा तास. इतिहास संशोधक वा. वि. मिराशींनी आपल्या नागपुरात बसून असे ताम्रपट ओळ न ओळ वाचले, १९६३ मध्ये त्यांचा वाकाटकांच्या लेखांचा मोठा खंड आला, तो एकदा लायब्ररीत हातात घेऊन बघा, एका अक्षरावर माणूस किती विचार करतो ते कळेल. आणि अजब बंगल्यात जा रे बाबांनो, १८६३ पासूनचं म्युझियम आहे, घरापासून दहा-वीस रुपयांच्या अंतरावर, आणि इतिहासाचा विद्यार्थी तिसऱ्या वर्षापर्यंत तिथे गेलेला नसतो हे ऐकून मला खरंच वाईट वाटतं.

ऐकीव आणि आधार ह्यातला फरक दाखवायला मी दीक्षाभूमीचं पण उदाहरण घेते. बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षेसाठी नागपूरच का निवडलं, ह्यावर चौकाचौकात दहा उत्तरं मिळतात, संघ इथे आहे म्हणून असंही लोक सांगतात. पण दुसऱ्या दिवशीच्या, १५ ऑक्टोबरच्या भाषणात त्यांनी स्वतः ह्याचं उत्तर दिलंय, संघाचं कारण नाही म्हणून सांगितलं आणि नाग लोकांनी बौद्ध धर्म पसरवला, त्यांची ही भूमी, असं कारण दिलं. आता तुम्ही उत्तरात "असं म्हणतात" लिहिलं तर काही नाही, "१५ ऑक्टोबरच्या भाषणात ते स्वतः सांगतात" लिहिलं की विधानाला पाय येतात.

इंटर्नलचं, म्हणजे कॉलेजातच मिळणाऱ्या मार्कांचं आता. कुठे वीस मार्क असतात, कुठे तीस, कुठे चाळीस, ते आपापला सिलॅबस बघा. मुलं हे फुकटचे मार्क समजतात आणि म्हणूनच घालवतात. हजेरी, असाइनमेंट, सेमिनार, टेस्ट, असं काहीतरी मिळून ते बनतात. हजेरी साधारण ७५ टक्के लागते आणि कामामुळे जमत नसेल तर सेमिस्टरच्या सुरुवातीलाच येऊन सांगा, शेवटच्या आठवड्यात डॉक्टरचं सर्टिफिकेट घेऊन उभं राहिलं की आमचे पण हात बांधलेले असतात.

असाइनमेंट मात्र जीव लावून करा. दोन वर्षांपूर्वी एका मुलानं नागपूरचे गिरणी कामगार असा विषय घेतला होता. आजोबा एम्प्रेस मिलमध्ये होते, त्यानं मोबाईलवर त्यांचं बोलणं रेकॉर्ड केलं, पाळ्या कशा असायच्या, भोंगा झाला की सगळी वस्ती कशी जागी व्हायची, कापसाची धूळ डब्यात पडायची म्हणून डबा कसा बांधून न्यायचे. आजोबांनी नोकरीला लागल्याचं एक वर्ष सांगितलं, आणि घरातल्या पत्र्याच्या पेटीत निघालेल्या जुन्या कागदावर दोन वर्षं नंतरचं वर्ष होतं. पोरानं काय केलं, दोन्ही लिहिले. आणि खाली लिहिलं की आजोबा आधी बदली कामगार म्हणून जात असतील आणि कागद कायम झाल्यावरचा असेल, मी परत विचारलं तर ते हो म्हणाले पण मी सुचवल्यामुळे हो म्हणाले असतील. हे शेवटचं वाक्य वाचून मी पेन खाली ठेवला. साक्षीदाराला आपणच उत्तर सुचवलं तर साक्ष कच्ची होते, हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं. सहा पानांची असाइनमेंट, शुद्धलेखनाच्या चुका भरपूर, वीसपैकी अठरा दिले.

आणि त्याच गठ्ठ्यात बावीस पानांची, रंगीत कव्हरची, स्पायरल केलेली एक होती, अख्खी इंटरनेटवरून उचललेली. तिला सहा. आता तर एआयवरून लिहून आणतात. मी वापरूच नका असं म्हणत नाही, इंग्रजी लेख समजत नसेल तर समजून घ्यायला वापरा. पण एका मुलानं एका पुस्तकाचा संदर्भ दिला होता, नाव, पान नंबर, सगळं व्यवस्थित, मी सहज विचारलं हे कुठे मिळालं तुला, मला पण वाचायचंय. तो गप्प. ते पुस्तकच नव्हतं, मशीननं बनवलेलं होतं. इतिहासात पुरावा बनवणं ह्याच्यापेक्षा मोठा गुन्हा नाही, म्हणून त्याला मी परत लिहायला लावलं, आणि त्यानं लिहिलं, चांगलं लिहिलं. नक्कल किती चालते ह्याचे नियम पण आहेत, यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, २०१८ मध्ये शोधप्रबंधांसाठी ते केले, १० टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर शिक्षा नाही आणि ६० च्या वर गेलं तर रजिस्ट्रेशनच रद्द होतं. बीएच्या असाइनमेंटला कोणी एवढं लावत नाही पण उद्या पीएचडी करायची असेल तर सवय आत्तापासून लावा. दुसऱ्याचं वाक्य असेल तर अवतरणात, दुसऱ्याचा विचार असेल तर त्याचं नाव, पुस्तक, वर्ष, पान, तळटीपेत. त्यात लाज काही नाही, उलट तुम्ही वाचलंय हे त्यातूनच दिसतं.

ग्रेडचं गणित पालकांना पण कळत नाही, मागे एका मुलाचे बाबा मार्कशीट घेऊन आले होते, म्हणाले मॅडम सात पॉइंट सात म्हणजे पास की नापास? तर असं आहे. प्रत्येक पेपरला क्रेडिट असतात, एक क्रेडिट म्हणजे साधारण १५ तासांची शिकवणी, म्हणजे चार क्रेडिटचा पेपर ६० तासांचा, घरचं वाचन वेगळं. मग मार्कांवरून ग्रेड, यूजीसीच्या दहा पॉइंटच्या पद्धतीत ओ म्हणजे १०, ए प्लस ९, ए ८, बी प्लस ७, बी ६, सी ५, पी म्हणजे पास ४, आणि एफ शून्य. किती मार्कांना कोणता ग्रेड हे प्रत्येक युनिव्हर्सिटी आपलं ठरवते, ते तिच्या नियमांच्या कागदात, ऑर्डिनन्स नाहीतर डायरेक्शनमध्ये दिलेलं असतं, सिनिअरला विचारून भागवू नका, नियम बदलतात. मग एसजीपीए, म्हणजे एका सेमिस्टरची सरासरी, काढायचा म्हणजे प्रत्येक पेपरचे क्रेडिट गुणिले ग्रेड पॉइंट, सगळ्याची बेरीज, भागिले एकूण क्रेडिट. समजा चार क्रेडिटचे चार पेपर आहेत आणि त्यात ८, ७, ९, ६ असे पॉइंट मिळाले, आणि दोन क्रेडिटच्या एका पेपरात १०. तर ३२ अधिक २८ अधिक ३६ अधिक २४ अधिक २०, झाले १४०, भागिले १८, म्हणजे ७.७८. ह्यात बघा, दोन क्रेडिटमध्ये दहापैकी दहा मिळूनही त्याचे २० च आले, आणि ज्यात ६ पडले त्या चार क्रेडिटच्या पेपरनं २४ दिले. तो सहाचा आठ झाला असता तर थेट आठ पॉइंट वाढून ८.२२ झालं असतं. म्हणून सोप्या छोट्या पेपरात रमून मोठा पेपर वाऱ्यावर सोडू नका, आणि इतिहासात तो मोठा पेपर बहुतेक वेळा साधनांचा नाहीतर इतिहासलेखनाचा असतो, ज्याला सगळे घाबरतात. सगळ्या सेमिस्टरचं असंच मिळून सीजीपीए. आणि त्याचे टक्के करायचे असतील तर सरळ दहानं गुणू नका, आपल्या युनिव्हर्सिटीचं सूत्र असतं, नोकरीच्या फॉर्मवर चुकीचे टक्के भरले तर पुढे त्रास होतो.

रिझल्ट पटला नाही तर उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी मागता येते, रिव्हॅल्युएशन टाकता येतं, फक्त मुदत थोडी असते म्हणून रिझल्ट लागला की आधी नोटीस बघा. पण फोटोकॉपी आली की लगेच बेरीज करत बसू नका, आधी प्रश्नपत्रिका शेजारी ठेवा आणि प्रश्नातल्या शेवटच्या शब्दाखाली रेघ मारा, मग स्वतःचं उत्तर वाचा. बेरीज चुकली असेल, एखादं उत्तर तपासायचं राहिलं असेल तर भांडा, तुमचा हक्क आहे, मी स्वतः मुलांचे अर्ज लिहून दिलेत. आणि तसं नसेल तर ते उत्तर घेऊन आपल्या सरांकडे, मॅडमकडे जा आणि "मार्क वाढवा" म्हणू नका, "कुठे गेले ते दाखवा" म्हणा. कोणीही शिक्षक ह्याला नाही म्हणणार नाही.

ती मुलगी त्या दिवशी तेच करून गेली. दुसऱ्या आठवड्यात तोच प्रश्न घरी परत लिहून आणला, ह्यावेळी साडेतीन पानं, पुरवणी नाही. पहिल्याच ओळीत लिहिलं होतं, वारस नसणं हे निमित्त होतं. बख्त बुलंद शाह गेला, बंगालच्या स्वाऱ्या गेल्या, कर्नल लो आला, बाकाबाई आल्या. मी तिला अकरा दिले. प्रश्नाला धरून चारपैकी चार, माहितीत एक सन चुकला म्हणून तीन, मांडणी दोन, आणि आधाराचे पाचपैकी दोनच. ती म्हणाली, "मॅडम, कापसाचं तर लिहिलं ना मी." लिहिलं होतं, अर्धं पान लिहिलं होतं. मी समासात पेन्सिलनं एकच शब्द लिहिला होता, तो तिला दाखवला, "कशावरून?" तिनं पेपर परत ओढून घेतला आणि तिथेच, टेबलाच्या कोपऱ्यावर, बारीक अक्षरात भरलं, डलहौसीचं टिपण, जानेवारी १८५४.